आशीर्वाद ऐकावे कीं पाहावे ?

येत्या मार्गशीर्षांत ज्यांच्या घरीं कन्येचें कार्य आहे अशा एका वाचक भगिनींनीं आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. मंगल कार्यालयांत पाहुण्यांचे आशीर्वाद मुद्रित करून ठेवण्याचीं दोन प्रकारचीं साधनें हल्लीं भाड्यानें मिळतात. एकांत नुसता आवाज उतरतो, दुसऱ्यांत आवाजासह चित्र. वधू म्हणते आवाज पुरे. तिचा बंधु म्हणतो, चित्र नसेल तर पैसे खर्चावयाचे कशास? घरांत दोन तट पडले आहेत, आणि दोन्ही साधनें घेण्याइतका खर्च करण्याची यजमानांची तयारी नाहीं. पत्राच्या शेवटीं या भगिनींनीं भीत भीत असेंहि लिहिलें आहे कीं, हा विषय आपल्या सदराच्या योग्यतेचा आहे कीं नाहीं कोण जाणे. आमच्या मतें तो आहे. ज्या घरांत लग्नपत्रिकेवरील 'कृपया आहेर आणूं नये' या एका ओळीवर आठ दिवस खल चालतो, तेथें आशीर्वाद कोणत्या रूपानें जपावा यावर चार दिवस विचार झाला तर बिघडलें काय ?

ज्यांनीं हें प्रकरण पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन केलें पाहिजे. पाश्चात्त्य देशांत लग्नाच्या मेजवानीस आलेल्या पाहुण्यांनीं सही करून दोन ओळी लिहाव्या म्हणून एक वही ठेवण्याची चाल आहे. आपल्याकडे तसली वही नव्हती. आपली वही आहेराची, आणि तींत आशीर्वादापेक्षां आंकडेच अधिक. त्या पाश्चात्त्य वहीचें बोलकें रूप गेल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत पसरलें व तेथून पुण्यामुंबईच्या कार्यालयांपर्यंत येऊन पोंचलें. एका मेजावर जुन्या घाटाचा, तबकडी फिरवावयाचा टेलिफोन मांडलेला असतो. त्याचा टेलिफोनच्या तारेशीं कांहीं संबंध नसतो; पोटांत लहानसा ध्वनिमुद्रक बसविलेला असतो. रिसीव्हर उचलला कीं वधूवरांच्या आवाजांतलें स्वागताचें एखादें वाक्य कानीं पडतें, मग 'टूं' असा नाद होतो, आणि तेथून पुढें रिसीव्हर खालीं ठेवीपर्यंत आपण जें बोलूं तें सारें उतरून घेतलें जातें. दुसरा प्रकार चित्राचा. उभ्या दांडीवर कॅमेरा किंवा टॅब्लेट, भोंवतीं दिव्याचें कडें, मागें फुलांचा पडदा. समोर उभें राहून बटण दाबावें, आणि पडद्यावर आपलें तोंड आपणच पाहत पाहत बोलावें.

या पत्रांतील बंधुराजांचा युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड आहे. चित्रांत आवाज असतोच. मग अधिक मिळत असतां उणें कां घ्यावें? शाळेंत आम्ही बेरीज-वजाबाकी शिकविली आहे, त्यामुळें हें गणित आम्हांस समजतें. परंतु या गणितांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी कीं, मनुष्य टेलिफोनच्या कानांत जें बोलेल तेंच कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढेंहि बोलेल. आमचा अनुभव तसा नाहीं.

गेल्या माघांत आमच्या चुलतबंधूंच्या नातीचें लग्न झालें. बंधु १९९४ त वारले. वहिनी आहेत, वय सत्त्याऐंशी, दृष्टि अधू, बुद्धि शाबूत. साखरपुड्याच्या वेळीं चित्रें घेणाऱ्या तरुणानें त्यांच्यापुढें कॅमेरा धरला आणि "आजी, नातीला आशीर्वाद द्या" असें अदबीनें सांगितलें. वहिनींनीं पदर सारखा केला, "सुखी राहा" म्हटलें आणि लगेच विचारलें, "झालं का ?" तें चित्र आम्ही पाहिलें आहे. सारें मिळून सात सेकंदांचें आहे, आणि त्या सातांतील चार पदर सांवरण्यांत गेलीं आहेत.

लग्नाच्या दिवशीं टेलिफोन ठेविला होता तो कार्यालयाच्या बाजूच्या खोलींत. वहिनींस कोणी तरी तेथें खुर्चीवर बसविलें. रिसीव्हर कानास लावतांच नातीचा आवाज आला, आणि वहिनींस वाटलें कीं पोर खरोखरीच बोलत आहे. "अगं, तू बोहल्यावर असायचीस, फोन कसला करतेस ?" अशी आरंभींच कानउघाडणी झाली. उत्तर येईना तेव्हां "बरं, नको बोलूस, ऐक" म्हणून त्या सुरू झाल्या. स्वतःच्या लग्नाची हकीकत त्यांनीं सांगितली. १९५७ सालचें तें लग्न, कोंकणांत, घरच्या अंगणांतल्या मांडवांत. वळिवानें मांडव कसा गळूं लागला, पंगत माजघरांत कशी हलविली, आणि सासरच्या वडील माणसांच्या आग्रहावरून आपण पहिल्यानें नांव कसें घेतलें. तो उखाणाहि त्यांनीं म्हणून दाखविला. घरांत तो कोणास ठाऊक नव्हता. त्यांच्या मुलींनींहि तो पूर्वीं ऐकलेला नव्हता. नंतर "तुझे आजोबा असते तर" इतकेंच म्हणून त्या थांबल्या. त्यापुढें अकरा सेकंद शब्द नाहीं. श्वास ऐकूं येतो, लांबून सनई ऐकूं येते, आणि मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज. एकंदर चार मिनिटें दहा सेकंद.

तीच बाई, तीच नात. मग सात सेकंद आणि चार मिनिटें हा भेद कशामुळें ? आम्हांस असें वाटतें कीं, आमच्या घरांतील जुन्या पिढीला, विशेषतः स्त्रियांना, चार लोकांसमोर दृष्टि खालीं ठेवण्याचें वळण लावलेलें होतें, आणि कॅमेरा पहिलीच मागणी करतो ती मान वर करून आपल्याकडे पाहण्याची. टेलिफोनची गोष्ट निराळी. तो घरांत आला तेव्हां पलीकडे सासरीं गेलेली मुलगी असे, नाहीं तर बोर्डिंगांत राहणारा मुलगा. ट्रंक कॉलसाठीं ताटकळत बसून मग तीन मिनिटांत पोटांतलें सारें बोलून टाकावयाचें, हा त्या माणसांचा सराव आहे. रिसीव्हर कानास लागला कीं सभा उरत नाहीं, एकच माणूस उरतें. (आजच्या मुलांस मात्र हें यंत्रच नवें आहे, आमच्या एका नातवानें रिसीव्हर तोंडासमोर आडवा धरून भाषण ठोकलें. तेंहि उतरलें आहे.)

जन्मभर संस्कृत शिकविलें असल्यामुळें येथें आम्हांस कालिदासाची आठवण होणें अपरिहार्य आहे. वाचकांनीं क्षमा करावी. 'शाकुंतला'च्या पांचव्या अंकाच्या आरंभीं दुष्यंत शकुंतलेस पार विसरलेला आहे. अशा वेळीं आंतून हंसपदिकेच्या गाण्याचा स्वर येतो आणि राजा उगीचच व्याकुळ होतो. कोणाचा विरह झाला आहे हें त्याचें त्यासहि कळत नाहीं. सहाव्या अंकांत तोच राजा शकुंतलेचें चित्र पुढें घेऊन बसतो, चित्रांतल्या भुंग्यास दटावूं लागतो, आणि हें चित्र आहे अशी जाणीव विदूषकास त्याला करून द्यावी लागते. चित्राची शक्ति मोठी आहे यांत शंका नाहीं. परंतु क्रम पाहा. चित्रानें त्याला वेड लावलें तें अंगठी मिळून सारें आठवल्यानंतर; स्वरानें मात्र कांहींच आठवत नसतां त्याला हलविलें. चौथ्या अंकांत कन्येस निरोप देणाऱ्या कण्वाचेंहि तसेंच. नाटककारानें त्याच्या दुःखाचें पहिलें चिन्ह सांगितलें तें दाटलेला कंठ हें.

शिवाय आपल्या विधींत आशीर्वाद ही मुळांत बोलावयाची व ऐकावयाची वस्तु आहे. पुण्याहवाचनांत यजमान ब्राह्मणांस तीन तीन वेळां विनवितो तें 'आपण असें म्हणावें' म्हणून. मनांत शुभ चिंतलें एवढ्यावर तो समाधान मानीत नाहीं, शब्द उच्चारला गेला पाहिजे. आणि मंगलाष्टकें चालूं असतां वधूवरांमध्यें धरलेला असतो तो अंतरपाट. दोघांनाहि समोरचें माणूस दिसत नाहीं, कानीं मात्र मामा, मावशी, आत्या यांचे बरेवाईट सूर पडत असतात. ज्यांना सूर नाहीं अशांनींहि त्या दिवशीं गावें अशी आपली चाल आहे, आणि ती चांगली चाल आहे.

माणसांचे आवाज घरांत जपून ठेवण्याची कल्पना टेलिफोनवाल्या दुकानदारांनीं काढली असें मात्र कोणी समजूं नये. एडिसननें १८७७ त फोनोग्राफ तयार केला, आणि पुढच्याच वर्षीं एका अमेरिकन नियतकालिकांत त्या यंत्राचे भावी उपयोग सांगतांना कुटुंबांतील माणसांचीं बोलणीं व आठवणी त्यांच्याच आवाजांत सांठविण्याचा उपयोग त्यानें स्पष्ट नोंदविला. १८८९ च्या एप्रिल महिन्यांत लंडनमध्यें एका चित्रकाराच्या घरीं जेवणास आलेल्या कवि ब्राउनिंगपुढें एडिसनच्या प्रतिनिधीनें असें यंत्र ठेविलें. ब्राउनिंगनें स्वतःचीच कविता म्हणावयास घेतली, चार ओळी म्हटल्या न म्हटल्या तोंच पुढचे शब्द आठवेनात, तेव्हां त्यानें दिलगिरी दर्शविली आणि हा अनुभव आपण जन्मभर विसरणार नाहीं अशा अर्थाचें कांहीं बोलून शेवटीं आपलें नांव मोठ्यानें उच्चारलें. जमलेल्या मंडळींनीं जयघोष केला. त्याच वर्षीं डिसेंबरांत तो वारला, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशीं त्याच्या चाहत्यांनीं एकत्र जमून तो आवाज ऐकला. त्याच्या कविता छापील ग्रंथांत निर्दोष आहेत. पण लोक जमले ते ती चुकलेली कविता ऐकावयास. आपल्याकडे याच्या उलट गोष्ट घडली. किर्लोस्कर मंडळींतील भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या सुभद्रेच्या गाण्यावर महाराष्ट्र लुब्ध होता, ते १९०१ त निवर्तले. ग्रामोफोन कंपनीचे गाइसबर्ग तबकड्या भरण्यासाठीं कलकत्त्यास आले ते १९०२ त. भाऊरावांचीं छायाचित्रें आजहि पाहावयास मिळतात. गळा कसा होता हें मात्र ऐकणाऱ्यांनीं लिहून ठेविलेल्या वर्णनांवरून ताडावें लागतें. आमच्या स्वतःच्या वडिलांची तसबीर देवघराबाहेर आहे. ते रोज पहाटे स्तोत्रें म्हणत; तो आवाज आमच्या मुलांनीं कधीं ऐकलेला नाहीं.

एवढें सांगून झाल्यावर आमच्या मताला जो अपवाद आहे तो सांगितलाच पाहिजे, आणि तो लहान नाहीं. वर सांगितलेल्या लग्नाच्या बैठकींत टेलिफोनच घ्यावयाचा असें बहुतेक ठरत आलें, तेव्हां वधूनेंच विचारलें, "मग धाकट्या काकूनं काय करायचं ?" ही काकू जन्मतः कर्णबधिर आहे. तिला टेलिफोन म्हणजे बंद दार. तिची भाषा हातांची आहे, चेहऱ्याची आहे, आणि ती भाषा आहे, नुसते हातवारे नव्हेत, हें आतां सरकारनेंहि मानलें आहे; भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठीं व शिक्षणासाठीं दिल्लीस २०१५ त स्वतंत्र केंद्र स्थापन झालें आहे. अशा माणसाच्या बाबतींत ध्वनि कीं चित्र हा प्रश्नच उद्भवत नाहीं. तेथें चित्रच पाहिजे, आणि तें इतरांच्या बरोबरीनें, मागाहून सुचलेलें म्हणून नव्हे. ज्या घरांत असे दोन-चार आप्त असतील, किंवा वधूवरांपैकीं कोणास ऐकूं येत नसेल, त्या घरानें निःशंकपणें चित्राचें साधन घ्यावें आणि आमचा वरचा सारा उपदेश बाजूस ठेवावा.

आमच्याकडे तशी एकच व्यक्ति होती, म्हणून टेलिफोनच्या शेजारींच, त्याच मेजावर, घरांतला एक चांगला मोबाइल तिकाटण्यावर लावून ठेविला. त्याला भाडें पडलें नाहीं. काकू त्याच्यापुढें दोन मिनिटें बोलली, हातांनीं. कंबरेपासून डोक्यापर्यंतचें चित्र यावें एवढी काळजी तेवढी आधीं घेतली होती, कारण हात चौकटीबाहेर गेले कीं वाक्य तुटतें. तिच्या यजमानांनीं मागाहून त्याचा अर्थ शब्दांत सांगून त्याच मुद्रणास जोडला. नातीनें मात्र तो अर्थ ऐकण्यापूर्वीं चित्र दोनदां पाहिलें, आणि पुष्कळसें तिचें तिलाच उमगलें. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं आपल्या आप्तांची यादी या एका दृष्टीनें आधीं चाळावी. साधन मग ठरवावें.

फक्त मुखवटे दिसावे म्हणूनच चित्र हवें असेल, तर त्याची ददात हल्लींच्या लग्नांत कोणासच नाहीं. हळदीपासून वरातीपर्यंत दोन दोन कॅमेरे चालूं असतात. भटजींस जागा मिळत नाहीं, पण कॅमेऱ्यास मिळते.

आतां टेलिफोन घेतलाच तर कांहीं व्यावहारिक गोष्टी. पहिली व मुख्य, बोलणाऱ्यानें आरंभीं आपलें नांव व नातें सांगितलें पाहिजे. आमच्या घरच्या मुद्रणांत निदान पंधरा माणसें "अगं, मी बोलतेय" किंवा "ओळखलंस ना ?" असें म्हणून सुरू झालीं आहेत. आज ओळखूं येतात. वीस वर्षांनीं कोण ओळखणार? ब्राउनिंग कविता विसरला तरी नांव सांगावयास विसरला नाहीं. स्वागताचें वाक्य वधूनें स्वतः, मराठींत, भरावें, आणि त्यांत नुसतें 'दोन शब्द बोला' असें न म्हणतां कांहीं तरी विचारावें : आमच्या लहानपणची एखादी आठवण सांगा, किंवा तुमच्या लग्नांत काय गंमत झाली तें सांगा. 'दोन शब्द' मागितले कीं लोक खरोखरच दोन शब्द देतात.

जागा सनईच्या, ध्वनिक्षेपकाच्या व भटारखान्याच्या जवळ नसावी. सीमांतपूजनाच्या संध्याकाळीं कार्यालय निवांत असतें. वृद्धांचें बोलणें तेव्हांच करून घ्यावें, दुसऱ्या दिवशीं पंगतीच्या घाईंत तीं माणसें सांपडत नाहींत. मेजाजवळ घरांतला एखादा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा बसवावा. त्यानें रिसीव्हर हातीं द्यावा, नाद झाल्यावर बोला एवढें सांगावें आणि मग चार पावलें दूर जावें. हें दूर जाणें फार महत्त्वाचें आहे. त्याच दिवशीं मोठ्या कर्ण्यावर तीं मुद्रणें सर्वांस ऐकविण्याची टूम कोणीं काढल्यास तिला साफ नकार द्यावा, कारण मनुष्य बोललेला असतो तो एका कानाशीं. एका विहीणबाईंनीं आमच्या टेलिफोनवर आशीर्वादाऐवजीं मानाच्या साडीविषयींची तक्रार नोंदविली आहे, ती सर्वांसमोर वाजली असती तर काय प्रसंग ओढवला असता ! ती पुसूं नये असें आम्हीं वधूस सांगितलें आहे. पंचवीस वर्षांनीं तीच सर्वांत गोड लागेल. समाजमाध्यमांवर हे आवाज टाकणेंहि आम्हांस मान्य नाहीं. थोड्याशा नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारीं साधनें आज निघालीं आहेत, आणि त्या नकलेच्या जोरावर नातलगांस फसविण्याचे प्रकार घडत आहेत.

राहिला प्रश्न जतनाचा. १९९० च्या सुमारास लग्न झालेल्या जोडप्यांच्या कपाटांत चित्रफितीची एक काळी पेटी हमखास असते आणि ती लावावयाचें यंत्र घरांत नसतें. तीं यंत्रें बनविणाऱ्या शेवटच्या ज्ञात जपानी कारखान्यानेंहि २०१६ त उत्पादन थांबविलें. म्हणून साधन कोणतेंहि घ्या, दर कांहीं वर्षांनीं नव्या ठिकाणीं प्रत करून ठेवण्याचें काम घरांत कोणावर तरी नांवानिशीं सोंपवावें लागतें. आवाजाचें ओझें येथेंहि हलकें आहे. उत्तम प्रतीचा, न दाबलेला आवाज मिनिटास सुमारें ५ मेगाबाइट जागा घेतो. मोबाइलवरचें चांगलें चित्र मिनिटास ६० ते १३० मेगाबाइट. दोन तासांच्या मुद्रणाचा हिशेब केला तर एकीकडे ६०० च्या वर थोडे मेगाबाइट, दुसरीकडे ७ ते १५ गिगाबाइट. पहिलें चार भावंडांच्या घरीं चार ठिकाणीं सहज राहतें.

दुकानदार 'दुव्यावर सर्व मिळेल' असें सांगतात. तो दुवा किती दिवस चालूं राहील हें आधीं लेखी विचारावें, आणि त्यावर विसंबूं नये. यंत्र परत नेणारा मनुष्य नेमका वरातीच्या गडबडींत येऊन उभा राहतो. त्याला चहा द्यावा, बसवावें. सर्व फाइली आपल्या संगणकावर उतरून घेऊन, त्यांतली पहिली, मधली व शेवटची वाजवून पाहिल्याखेरीज टेलिफोन त्याच्या हातीं देऊं नये.